राखीव ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर टाकायची असेल तर आधी पहिली डिस्क काढून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: कॉम्प्युटरमध्ये एसएसडीवर विंडोज ११ आहे. जुन्या मशीनमधली १ टेराबाइटची हार्ड डिस्कही आत जोडलेली आहे आणि तिच्यावर फोटो, जुन्या फाइली पडून आहेत. उद्या मुख्य विंडोज उठलंच नाही तर काम अडू नये म्हणून या दुसऱ्या डिस्कवर आणखी एक ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आहे. नव्याने इन्स्टॉल करू की आहे त्याचाच क्लोन करू? विंडोज घेऊ की लिनक्स? आणि या खटाटोपात चालू सिस्टिमला धक्का तर लागणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. धक्का लागू शकतो. तो लागतो तेव्हा कारण बहुधा एकच असतं: इन्स्टॉल करताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतात.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशीच राखीव विंडोज दुसऱ्या डिस्कवर टाकली होती. सुरू करताना दोन नावांची यादी यायची, हवं ते निवडायचं, सगळं छान चाललं होतं. मग एके दिवशी पहिली डिस्क मेली. मी निर्धास्त होतो, दुसरी आहेच की! मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर संदेश: बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. दुसऱ्या डिस्कवर विंडोज अख्खी होती, पण तिला उठवणाऱ्या फाइली पहिल्या डिस्कवर होत्या. म्हणजे स्टेपनी होती आणि जॅक नेमका मोडलेल्या गाडीत अडकलेला होता.

असं का होतं ते नीट समजून घ्या, पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच सुचते. मशीन सुरू करून देणारं जे सॉफ्टवेअर मदरबोर्डवर असतं त्याला फर्मवेअर म्हणतात. आजच्या मशीनमध्ये त्याचा बायोस हा जुना प्रकार जाऊन यूईएफआय आला आहे. मशीन सुरू झालं की हे फर्मवेअर डिस्कवरचं एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला भाग) शोधतं. ते फॅट३२ प्रकारचं असतं आणि त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. विंडोज स्वतःसाठी ते साधारण १०० मेगाबाइटचं करते. त्यात बूटलोडर, म्हणजे सिस्टिमला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, असतो, आणि कोणत्या डिस्कवरच्या कोणत्या पार्टिशनमधली कोणती फाइल चालवायची याची नोंद मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते. आता विंडोजचा इन्स्टॉलर असा आहे की मशीनमध्ये आधीच एक ईएफआय पार्टिशन दिसलं की तो बूटच्या फाइली तिथेच ठेवून देतो, मग तुम्ही विंडोज भले दुसऱ्या डिस्कवर टाकत असा. लिनक्सवालेही यात फार मागे नाहीत. उबंटू या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये बरीच वर्षं बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकायचा ते निवडायची सोय दिसायची, पण यूईएफआय मशीनवर ती निवड न जुमानता फाइली पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर जायच्या. लोकांना वाटायचं, आपणच काहीतरी चुकीचं निवडलं.

म्हणून माझी कसोटी एकच: पहिली डिस्क मशीनमधून पूर्ण काढून ठेवली तरी दुसरी एकटीने उठली पाहिजे. तेवढं जमलं तरच ती राखीव सिस्टिम. नाही जमलं तर एकाच आधारावर उभ्या असलेल्या दोन सिस्टिम तुमच्याकडे आहेत, आणि तो आधार गेला की दोन्ही गेल्या.

ही कसोटी पार करायचा सोपा मार्ग म्हणजे इन्स्टॉल करताना पहिली डिस्क जोडलेलीच नको. डेस्कटॉप असेल तर मशीन बंद करा, वीज काढा आणि साटा (केबलने जोडायची) डिस्क असल्यास तिची एक केबल उपसा. डेटाची किंवा पॉवरची, कोणतीही चालेल. एम.२ प्रकारची, थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी असेल तर एक छोटा स्क्रू काढून ती बाहेर घ्यावी लागते. तो स्क्रू हरवण्यात हातखंडा असलेले लोक मी पाहिलेत, तेव्हा खाली वाटी ठेवा. काही मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये तो स्लॉट किंवा पोर्ट बंद करायची सोय असते. असेल तर स्क्रूला हात लावायची गरज नाही. पहिली डिस्क दिसतच नसेल तर चुकून तिच्यावर फॉरमॅटचं बटण दाबलं जाण्याची भीतीही संपते. इन्स्टॉलरमध्ये डिस्कला शून्य, एक असे आकडे असतात आणि ते विंडोजमध्ये पाहिलेल्या क्रमाने येतीलच असं नाही. लिनक्समधली नावंसुद्धा दोन वेळा सुरू केल्यावर अदलाबदल झालेली सापडतात. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन डिस्क असल्या तर सिरीयल नंबर पाहण्यावाचून इलाज नाही.

लॅपटॉप उघडता येत नसेल तर लिनक्ससाठी एक आडमार्ग आहे. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) लिनक्स सुरू करा, जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवरचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे झेंडे (फ्लॅग, म्हणजे खुणा) तात्पुरते उतरवा, दुसऱ्या डिस्कवर नवीन ईएफआय पार्टिशन करा आणि इन्स्टॉल करा. काम झाल्यावर उतरवलेले झेंडे परत चढवा. हे चालतं, पण शेवटची पायरी विसरणारे फार. केबल काढणं शक्य असेल तर मी केबलच काढतो.

आता त्या जुन्या हार्ड डिस्ककडे वळू. ती राखीव म्हणून उभी राहण्याच्या लायकीची आहे का, हे आधी तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दिसते. त्यात तीन ओळी बघायच्या: रिअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कला काही जागा वाचता येईनाशा झाल्या आहेत. अशा डिस्कवर राखीव काहीही ठेवू नका. वेगाचंही बघा. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर विंडोज ११ टाकली तर ती चालेल, पण सुरू होऊन स्थिर व्हायला तुमचा चहा पिऊन होईल, आणि नंतर अपडेट सुरू झाले की दुसरा कप. छोटी, साधी साटा एसएसडी मिळत असेल तर राखीव सिस्टिमसाठी ती घ्या आणि जुन्या डिस्कवर फोटो राहू द्या. मात्र एसएसडी काढून कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही. विजेविना पडून राहिली की तिच्या पेशींमधला भार हळूहळू ओसरतो. मशीनमध्येच जोडलेली राहणार असेल तर ही चिंता करू नका.

फोटोंचं काय? ते आधी दुसरीकडे हलवा, आणि हलवून झाल्यावर दोन-चार फाइली उघडून बघा. पार्टिशन आक्रसून जागा करता येते हे खरं, पण ज्या डिस्कवर एकमेव प्रत आहे तिच्यावर असले प्रयोग करायचे नसतात. शिवाय जुनी डिस्क बहुधा पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या, एमबीआर पद्धतीची असते. यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला विंडोजचा इन्स्टॉलर अशी डिस्क नाकारतो, त्याला नवी जीपीटी पद्धतच लागते. ते रूपांतर करायची सरळ रीत म्हणजे डिस्क पूर्ण पुसणं. आणि हे ओघात सांगून ठेवतो: राखीव ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे बॅकअप नव्हे. ती तुम्हाला काम सुरू करून देईल, उडालेली फाइल आणून देणार नाही. फायलींची प्रत वेगळीच हवी, आणि ती याच कॅबिनेटच्या बाहेर असलेली बरी.

विंडोज की लिनक्स, या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेकांसाठी लिनक्स असतं. लिनक्सच्या प्रेमापोटी म्हणत नाही. माझं रोजचं अर्धं काम विंडोजवर चालतं. पण एखादा अपडेट बिघडला किंवा व्हायरस शिरला, तर दोन्हीकडे विंडोज असल्यावर दुसरीही त्याच खड्ड्यात पडण्याची शक्यता राहते. वेगळ्या जातीची सिस्टिम तिथे कामाला येते. परवान्याचाही मुद्दा आहे. विंडोजच्या अटींत एका परवान्यावर एकच प्रत टाकायची मुभा असते. अॅक्टिव्हेशन मदरबोर्डशी बांधलेलं असल्यामुळे दुसरी प्रत बऱ्याचदा निमूटपणे अॅक्टिव्हेट होते, पण होते म्हणून ती अटीत बसते असं नाही. आणि दुसरी डिस्क यूएसबी डबीत (बाहेरून यूएसबीने जोडायच्या पेटीत) असेल तर विंडोजचा इन्स्टॉलर तिच्यावर बसायलाच नकार देतो. लिनक्सला त्याचं काही वाटत नाही.

तुमचं काम ज्या प्रोग्रॅमवर चालतं तो फक्त विंडोजवरच चालत असेल तर प्रश्न मिटला, विंडोजच टाका. फक्त विंडोज १० टाकू नका. तिचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स घेतलात तर दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती घ्या: उबंटूची एलटीएस, लिनक्स मिंट किंवा डेबियन. उबंटूच्या एलटीएसला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. फेडोरा मला आवडते, पण तिच्या एका आवृत्तीचं आयुष्य साधारण १३ महिने. महिनोन्‌महिने झोपून राहणाऱ्या सिस्टिमसाठी ती सोयीची नाही. उठवाल तेव्हा तिची मुदत संपलेली असेल.

क्लोनबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. क्लोन म्हणजे आजच्या सिस्टिमचा जसाच्या तसा उतारा, तिच्यातल्या दुखण्यांसकट. विंडोज आतून कुजायला लागली असेल तर क्लोनमध्येही ती कुजकीच येते. त्यात दोन्ही डिस्कच्या ओळखखुणा सारख्या होतात. एकाच खुणेच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून टाकते. लिनक्समध्ये तर आणखी गंमत: पार्टिशनच्या ओळखक्रमांकावरून कोणती डिस्क जोडायची ते ठरतं, आणि दोन डिस्कना एकच क्रमांक असेल तर तुम्ही दुसऱ्या डिस्कवरून सुरू केलेली सिस्टिम प्रत्यक्षात पहिलीवर लिहीत असू शकते. क्लोनला माझा विरोध नाही. मोठ्या अपडेटच्या आधी मी स्वतः करतो. पण क्लोन झाल्या झाल्या मशीन बंद करायचं, मूळ डिस्क काढायची आणि पहिली सुरुवात एकट्या क्लोनवरून करायची. नंतर तो डबीत घालून बाजूला ठेवायचा. कायम जोडून ठेवायच्या राखीव सिस्टिमसाठी मी नव्यानेच इन्स्टॉल करतो.

आता प्रत्यक्ष काम. पहिली डिस्क काढण्याआधी चालू विंडोजमध्ये दोन गोष्टी उरकून घ्या. पहिली, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. नव्या मशीनमध्ये ते तुमच्या नकळत चालू असू शकतं. फर्मवेअरच्या सेटिंगला किंवा सिक्युअर बूटला (फक्त मान्य बूटलोडरच चालू देणाऱ्या सोयीला) हात लावलात की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती की जवळ नसेल तर स्वतःच्याच घराबाहेर उभं राहावं लागतं. की कागदावर उतरवून घ्या. हीच की पुढेही लागणार आहे: राखीव लिनक्समधून मुख्य डिस्कवरच्या फाइली वाचायच्या झाल्या तर कुलूप तिनेच उघडेल. दुसरी, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवते. अशा अवस्थेतल्या डिस्कवर दुसऱ्या सिस्टिमने काही लिहिलं तर फाइल सिस्टिमचा चुराडा होऊ शकतो. लिनक्स शहाणपणाने असं पार्टिशन बहुधा फक्त वाचण्यापुरतं उघडते, आणि मग लोक विचारतात की फाइल सेव्ह का होत नाही. हायबरनेटही त्याच कारणासाठी टाळा.

मग ८ गिगाबाइट किंवा त्याहून मोठ्या पेन ड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमने इन्स्टॉलर तयार करा. बूट मेन्यू (कुठून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) उघडायची कळ मशीननुसार बदलते: एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप. मेन्यूत तोच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी यूईएफआय लावून. दुसराच निवडा. पहिला निवडलात तर सिस्टिम जुन्या बायोस पद्धतीने बसेल आणि नंतर डोकेदुखी होईल. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. इंटेलच्या काही मशीनमध्ये साटा किंवा एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क हाताळायची सेटिंग रेड अथवा व्हीएमडी या खास पद्धतीवर लावलेली असते. विंडोजच्या इन्स्टॉलरला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. लिनक्ससाठी ती सेटिंग एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणायची टूम निघते, पण तसं घाईने केलंत तर परत जोडल्यावर मुख्य विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी तिला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मगच सेटिंग बदलायची असते.

एकच डिस्क समोर असल्याने बाकी इन्स्टॉलेशन कंटाळवाणं आहे, आणि ते तसंच असलेलं बरं. लिनक्ससाठी मी ५१२ मेगाबाइट ईएफआय, ८० ते १०० गिगाबाइट सिस्टिमला आणि उरलेली जागा विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचं पार्टिशन म्हणून ठेवतो. ते दोन्हीकडून वाचता-लिहिता येतं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची किमान अट ६४ गिगाबाइटची आहे, पण १५० च्या खाली जाऊ नका; अपडेट जागा खातात.

सिस्टिम बसली, एकटीने दोनदा उठली, इंटरनेट चाललं, की मशीन बंद करून पहिली डिस्क परत जोडा. फर्मवेअरमध्ये जाऊन पहिलीला अग्रक्रम द्या. दुसरी हवी असेल तेव्हा बूट मेन्यूतून निवडायची. ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) यादीत विंडोज आणायच्या भानगडीत मी पडत नाही. दोघींची ओळख करून दिली की त्या पुन्हा एकमेकींवर अवलंबून राहतात, आणि एवढा वेळ ते टाळण्यासाठीच आपण केबली काढत होतो. कधीकधी डिस्क काढल्यामुळे मदरबोर्ड विंडोजची नोंदच पुसून टाकतो. तशा वेळी मेन्यूतून थेट त्या डिस्कचं नाव निवडा. विंडोज आपल्या बूटलोडरची एक प्रत ठरावीक पर्यायी जागीही ठेवते, फर्मवेअरला ती सापडते.

पहिल्या आठवड्यात घड्याळ चुकलेलं दिसेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ धरते, विंडोज स्थानिक. दर वेळी अदलाबदल झाली की वेळ काही तासांनी सरकते. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की झालं, एका आज्ञेचं काम आहे.

राखीव सिस्टिमची खरी शत्रू म्हणजे आपली विस्मृती. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने सिक्युअर बूटच्या यादीत बदल केला आणि त्यानंतर जुना बूटलोडर असलेल्या अनेक लिनक्स सिस्टिम, त्याच मशीनवर शेजारी नांदत असूनही, सुरूच होईनात. डिस्क वेगळी असल्याने इथे बचाव होत नाही, कारण ही यादी मदरबोर्डमध्ये असते आणि ती दोघींना लागू होते. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रंही जून २०२६ पासून मुदतीबाहेर जायला लागतात, त्यामुळे असे बदल पुढेही येणार. राखीव सिस्टिम महिन्यातून एकदा उठवा, अपडेट करा, ब्राउझरमध्ये लॉगिन टिकलंय का बघा, प्रिंटर चालतो का बघा. क्लाउडचं फोल्डर मात्र दोन्ही सिस्टिमना एकाच जागेवर जोडून देऊ नका. दोघी आपापला हिशेब लावतात आणि फाइलींच्या दुहेरी प्रती पडत राहतात.

आणि वर्षातून एकदा ती मूळ कसोटी परत घ्या: पहिली डिस्क काढा, मशीन सुरू करा, एक पत्र लिहून छापा. मग उलटं करा, दुसरी काढून पहिली एकटीने उठते का पाहा. पुढेमागे राखीव सिस्टिम नकोशी झाली तर तिची केबल काढायची, मुख्य सिस्टिम नीट उठते याची खात्री करायची, डिस्क परत जोडून फॉरमॅट मारायचा. बूट मेन्यूत तिचं जुनं नाव काही दिवस लटकत राहील. ते फर्मवेअरच्या सेटिंगमधून काढता येतं, आणि राहिलं तरी त्याने काही बिघडत नाही.